कोकणात तबकड्यांचा संग्रह: शोधणे, धुणे, पावसातून राखणे आणि वाजवणे

वैशाखात मालवण तालुक्यातील आमच्या घरासमोरचे खळे कधी रिकामे नसे. कोकमे, आंब्याची साटे, फणसाचे पापड, मिरच्या आणि घरातील सगळी अंथरुणे यांना ऊन दाखवल्याशिवाय पावसाळ्याची बेगमी पुरी होत नाही, हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. म्हणूनच दहावीच्या सुट्टीत काकांच्या लाऊडस्पीकरच्या खोलीतील गाण्यांच्या तबकड्यांना (रेकॉर्डना) ओलीचा वास येतो आहे असे जाणवले, तेव्हा मी त्यांतील बावीस तबकड्या काढून कोकमांच्या शेजारी चटईवर मांडून ठेवल्या. दुपारी उचलायला गेलो तेव्हा त्यांच्या कडा भाजलेल्या पापडासारख्या वर आल्या होत्या आणि त्यांपैकी एकही पुन्हा सुईखाली सरळ फिरली नाही. काका रागावले नाहीत. रात्री जेवताना त्यांनी एवढेच सांगितले, "हिका वतय नको आणि वलय नको, झिला." ऊनही नको आणि ओलही नको. त्यानंतरची चाळीसहून अधिक वर्षे मी लग्नाच्या मांडवात, हळदीच्या रात्रींना आणि पुढे शहरातील कार्यक्रमांत डीजे म्हणून तबकड्या वाजवल्या, आणि त्याच काळात माझ्या घरी सुमारे तीन हजार तबकड्या जमल्या. किनाऱ्यावर राहून हा संग्रह करू इच्छिणाऱ्यांसाठी त्या अनुभवातून हाती आलेली रीत येथे सविस्तर देत आहे. शहरातील मार्गदर्शन येथे अर्धेच उपयोगी पडते, कारण आपल्याकडे तबकडी मिळवण्यापेक्षा ती जून ते सप्टेंबर जिवंत ठेवणे अधिक अवघड असते.

हातात काय आहे ते आधी ओळखावे

जुन्या घरात सापडणाऱ्या तबकड्या दोन जातींच्या असतात, आणि एका जातीचा उपचार दुसरीला मारक ठरतो. मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी लाखेची असते. लाखेत बारीक खनिज पूड आणि काजळी मिसळून ती दाबलेली असते, त्यामुळे ती जड, कडक आणि ठिसूळ असून हातातून निसटल्यास तिचे तुकडे होतात. दहा इंची असेल तर तिच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावते. भारतातील पहिले व्यावसायिक ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यात झाले, १९०८ साली तेथेच तबकड्या दाबण्याचा कारखाना सुरू झाला आणि १९६० च्या दशकातही आपल्याकडे लाखेच्या तबकड्या निघत होत्या. म्हणून पणजोबांच्या काळातील नाट्यपदे आणि आजोबांच्या तरुणपणातील चित्रपटगीते एकाच पेटीत एकाच जातीच्या तबकड्यांवर मिळणे साहजिक आहे.

दुसरी जात व्हिनाइलची. बारा इंची, ३३ फेऱ्यांची (नेमके सांगायचे तर ३३ पूर्णांक एक तृतीयांश) लाँग प्ले तबकडी अमेरिकेत १९४८ साली आली आणि सात इंची, ४५ फेऱ्यांची तबकडी १९४९ साली. व्हिनाइल लवचीक असते आणि पडल्यावर सहसा फुटत नाही, पण उष्णतेला ते फार हळवे असते. साठ अंश सेल्सिअसच्या आसपास ते मऊ पडू लागते, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत काळी वस्तू या तापमानापर्यंत सहज पोहोचते.

एचएमव्ही या कंपनीच्या लाँग प्ले तबकड्यांवर क्रमांकाच्या आधी असलेली अक्षरे वाचायला शिकावे. साधारणपणे ईसीएलपी म्हणजे सुगम किंवा चित्रपट संगीताची मोनो तबकडी आणि ईसीएसडी म्हणजे त्याच प्रकारची स्टीरिओ. शास्त्रीय संगीतासाठी ईएएलपी आणि ईएएसडी ही अक्षरे येतात. एवढे ठाऊक असले तरी कव्हर फाटून गेलेल्या तबकडीचा माग काढणे पुष्कळ सोपे होते.

कुठे शोधावे आणि कशी पारख करावी

मुंबईत चोर बाजारातील मटण स्ट्रीट हे जुन्या तबकड्यांचे ठिकाण म्हणून प्रसिद्ध आहे, आणि काळा घोडा येथील ऱ्हिदम हाऊस २०१६ साली बंद होईपर्यंत आमच्यासारख्यांची प्रत्येक मुंबईवारी तेथे थांबल्याशिवाय पुरी होत नसे. तरीही माझ्या संग्रहातील सर्वांत चांगल्या तबकड्या मला कोकणातच मिळाल्या. येथील चाकरमान्यांनी गिरणीच्या, गोदीच्या आणि बोटीवरच्या पगारातून रेकॉर्ड प्लेअर गावी आणले, सणावाराला ते वाजवले, आणि कॅसेट आल्यावर ते माळ्यावर चढवून दाराला कुलूप लावले. लाऊडस्पीकरचा धंदा करणाऱ्या जुन्या मंडळींकडे तर तबकड्यांच्या पेट्याच असत. त्यांपैकी अनेकांच्या पुढच्या पिढीला त्या पेट्यांचे काय करावे हे कळत नाही.

ही कुलपे वर्षातून तीन वेळा उघडतात: शिमग्याला, मे महिन्याच्या सुट्टीत आणि गणपतीत. त्यांतील मे महिनाच खरेदीसाठी योग्य, कारण त्या वेळी माळा कोरडा असतो, घरातील माणसे निवांत असतात आणि आणलेला माल धुऊन ठेवण्यासाठी आपल्या हाती पावसाआधीचे काही आठवडे उरतात. गणपतीत विचारणा करावी, शब्द घ्यावा, पण तबकड्या त्या वेळी आणू नयेत. ओली पेटी घरात आणली की तिच्यातील बुरशी आपल्या कपाटात शिरते.

कोणाच्याही घरी गेल्यावर आधी भाव विचारू नये. शक्य असेल तर बॅटरीवर चालणारा छोटा प्लेअर बरोबर न्यावा, ओटीवर बसून एक तबकडी पुसून लावावी आणि घरातील वडीलधाऱ्यांना ती ऐकू द्यावी. ही युक्ती म्हणून सांगत नाही. ज्या घराने ती तबकडी पन्नास वर्षे ठेवली, त्या घराने ती जाण्यापूर्वी एकदा ऐकावी एवढे त्यांचे देणे आपल्याकडे असते. वेंगुर्ल्याजवळच्या एका घरात एका आजींनी मला दोन पेट्या आनंदाने दिल्या, मात्र त्यांतील एक तबकडी पदराखाली घेऊन त्या म्हणाल्या, "ही मात्र नेव नको, झिला. ही ह्यांची." अशा वेळी आग्रह करू नये.

पारख करताना तबकडी कडेला आणि मधल्या कागदी लेबलला धरून उजेडाखाली तिरकी फिरवावी. धूळ आणि बुरशीचे पांढरे ठिपके पाहून घाबरू नये, कारण ते बहुधा धुतले जातात. घाबरावे ते करड्या पडलेल्या खाचांना. तबकडी स्वच्छ असूनही खाचांवरची काळी चमक जाऊन तेथे राखाडी झाक आली असेल, तर जड आर्मच्या प्लेअरवर झिजलेल्या सुईने ती वर्षानुवर्षे वाजवली गेली आहे असे समजावे. तो आवाज कशानेही परत येत नाही. ओरखड्यावरून नख अगदी हलके फिरवावे. नख अडले तर सुईही अडते, आणि नखाला न जाणवणारा ओरखडा बहुतेक वेळा किरकोळ खरखरीवर निभावतो. मधल्या भोकाभोवती लेबलवर बारीक रेषांचे जाळे असेल, तर दांडीवर तबकडी अनेकदा चाचपडत बसवली गेली आहे, म्हणजेच ती खूप वाजली आहे. लाखेची तबकडी मात्र मडक्यासारखी वाजवून घ्यावी. बोट भोकात अडकवून कडेवर हलकी टिचकी मारल्यावर स्वच्छ नाद आला तर ती अखंड असते. बद्द आवाज आल्यास तिला केसासारखी चीर असण्याचा संभव असतो.

पहिल्या काही वर्षांत मी तबकड्या हापूसच्या रिकाम्या लाकडी पेट्यांत, खाली पेंढा घालून आणत असे. पेंढ्याबरोबर ओल आणि किडे दोन्ही घरात आले. आता मी जाड पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिकची बारा इंचांहून थोडी मोठी खोकी वापरतो, त्यांत तबकड्या उभ्या भरतो आणि घाट चढताना त्या कलंडू नयेत म्हणून मोकळ्या जागेत दुमडलेली चादर कोंबतो. गाडी उन्हात उभी करून जेवायला जाऊ नये. जायचेच असेल तर खोके बरोबर न्यावे.

घरी आणल्यावर आधी धुणे

न धुतलेली तबकडी एकदाही वाजवू नये. सुई खाचेतील माती दाबून पुढे नेते, आणि ती माती व्हिनाइलमध्ये कायमची रुतते. नवीन आणलेला माल संग्रहाच्या खोलीत न नेता पडवीत ठेवावा, जुन्या आतल्या पिशव्या तेथेच टाकून द्याव्यात, आणि बुरशी असेल तर नाकातोंडावर मास्क लावून कोरड्या मऊ ब्रशने ती घराबाहेरच झाडावी.

धुण्यासाठी विहिरीचे पाणी वापरू नये. ते पिण्याला कितीही गोड असले तरी त्यातील क्षार वाळल्यावर खाचांत राहतात आणि पुढे तडतड करतात. डिस्टिल्ड पाणी आणावे; बॅटरीत घालण्याचे शुद्ध पाणीही चालते, मात्र बाटलीत आम्ल नाही याची खात्री करून घ्यावी. एक लिटर पाण्यात वास नसलेल्या सौम्य द्रव साबणाचे दोन-तीनच थेंब घालावेत. लेबलवर पाणी जाऊ नये म्हणून मी दोन्ही बाजूंनी रबरी कड बसवलेली प्लास्टिकची झाकणे दाबून धरतो. मऊ केसांच्या रुंद ब्रशने खाचांच्या दिशेने, म्हणजे गोल गोल, पाणी फिरवावे. केंद्राकडून कडेकडे आडवा हात कधीही मारू नये. त्यानंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा खळबळून साबण पूर्ण काढावा, कारण राहिलेला साबणही आवाज करतो, आणि मग धागे न सुटणाऱ्या मऊ कापडाने त्याच गोल दिशेने टिपून घ्यावे.

वाळवण्यासाठी स्वयंपाकघरातील ताटाळ्यासारखी उत्तम वस्तू नाही. त्याच्या सळ्यांना सुती पट्ट्या गुंडाळल्या की वीसेक तबकड्या एका वेळी उभ्या राहतात. ते पंख्याखाली सावलीत ठेवावे आणि निदान तीन-चार तास तबकड्या पिशवीत घालू नयेत. सुकल्यासारखी दिसणारी तबकडीही खाचांत ओली असू शकते.

हट्टी बुरशीसाठी व्हिनाइलवर एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चार भाग डिस्टिल्ड पाणी यांचे मिश्रण थोडा वेळ लावून लगेच धुवावे. हे मिश्रण लाखेच्या तबकडीला चुकूनही लागता कामा नये, कारण अल्कोहोलात लाख विरघळते. सुतार लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच फ्रेंच पॉलिश करतात, हे ध्यानात ठेवले म्हणजे ही चूक होणार नाही. लाखेच्या तबकडीला साबणाच्या थेंबाचे पाणी पुरेसे आहे, आणि तेही भिजत न ठेवता झटपट धुऊन टिपायचे.

जागा, कपाट आणि चार महिन्यांचा पाऊस

चिऱ्याची भिंत आषाढात पाणी पिते आणि ते आत सोडते. म्हणून तबकड्यांचे कपाट बाहेरच्या भिंतीला कधीही टेकवू नये, पश्चिमेच्या भिंतीला तर मुळीच नाही, कारण पावसाची झड बहुधा तिकडूनच येते. जुन्या घरात माजघर हीच योग्य खोली, कारण तिच्या चारही बाजूंना इतर खोल्या असतात आणि तेथील तापमान दिवसभरात फारसे बदलत नाही. माळा दोन्ही ऋतूंत वाईट: मे महिन्यात कौलांखाली भट्टी होते आणि श्रावणात एखादे कौल सरकले की थेट पेटीवर धार लागते. कपाटाच्या मागे वीतभर जागा मोकळी ठेवावी आणि सर्वांत खालचा खण जमिनीपासून निदान दीड फूट वर असावा.

कपाट कोणत्या लाकडाचे, यावर पैसे वाचवू नयेत. कव्हरसकट बारा इंची तबकडी पाव किलोच्या आतबाहेर भरते, म्हणजे शंभर तबकड्यांचे वजन बावीस ते पंचवीस किलो होते. भुशाच्या बोर्डाची फळी एका पावसाळ्यात फुगते आणि या वजनाखाली वाकते. उकळत्या पाण्याला टिकणारा मरीन प्लायवूड, निदान १८ मिलिमीटर जाडीचा, घ्यावा आणि दर ३५ सेंटिमीटरवर उभी आडफळी द्यावी. तबकड्या नेहमी सरळ उभ्या ठेवाव्यात. एकमेकींवर आडव्या रचल्यास खालच्या दबतात, आणि कलत्या ठेवल्यास वाकतात. दोन तबकड्यांमध्ये बोट सहज शिरावे इतकी सैल मांडणी असावी.

आतली कागदी पिशवी ओल धरते, म्हणून ती बदलून पातळ पॉलिथिनची पिशवी घालावी. बाहेरून घालायचे संरक्षक कव्हर पॉलिप्रॉपिलीनचे असावे. बाजारात मिळणारी जाड, चकचकीत, वास येणारी पीव्हीसीची कव्हरे टाळावीत, कारण त्यांतून सुटणाऱ्या द्रव्यांमुळे तबकडीवर धुक्यासारखा डाग पडतो आणि तो धुऊन जात नाही. कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. तबकड्यांच्या कपाटात ती पाळू नये, कारण त्या गोळ्यांची वाफ प्लास्टिकला बाधते. कसर, झुरळे आणि वाळवी यांना तबकडीत रस नसतो, त्यांना कव्हरचा पुठ्ठा आणि खळ हवी असते, म्हणून खरा उपाय म्हणजे कोरडेपणा आणि महिन्यातून एकदा बॅटरीच्या उजेडात कपाटाच्या मागे पाहणे.

कोरडेपणा मोजल्याशिवाय कळत नाही. आर्द्रतामापक हे स्वस्त उपकरण आहे आणि ते कपाटाच्या आत ठेवावे. अभिलेखागारांत ५० टक्क्यांखालची सापेक्ष आर्द्रता आदर्श मानतात, पण कोकणात जुलैमध्ये बाहेरची हवा ९० टक्क्यांच्या आसपास असताना घरात तो आकडा गाठणे यंत्राशिवाय शक्य नसते. माझे उद्दिष्ट ५५ असते, ६० पर्यंत मी निभावून नेतो, आणि ६५ च्या वर गेल्यावर बुरशीला वाट मोकळी होते असे धरून लगेच हालचाल करतो. खोली बंद करून आर्द्रता शोषणारे यंत्र चालवतो तेव्हा आषाढात त्याचे भांडे मला दिवसातून दोनदा रिकामे करावे लागते. मात्र ज्या रात्री वादळी पाऊस असतो त्याच रात्री वीज जाते, म्हणून केवळ यंत्रावर विसंबू नये. प्रत्येक खणात जाळीच्या पिशवीत सिलिका जेल ठेवावे. निळ्या रंगाच्या दाण्यांत कोबाल्टचा क्षार असतो आणि तो आरोग्याला चांगला नाही, म्हणून ओल पिऊन हिरवे होणारे नारिंगी दाणे घ्यावेत. हिरवे झालेले दाणे स्वयंपाकाला न वापरल्या जाणाऱ्या जुन्या तव्यावर अगदी मंद आचेवर पुन्हा नारिंगी होईपर्यंत तापवावेत.

वर्षाचे वेळापत्रक मी असे ठेवतो. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याआधी, सगळे कपाट एकदा रिकामे करून पुसतो, ताज्या सिलिका जेलसह भरतो आणि दारांच्या फटींना फोमची पट्टी लावतो. त्याआधी पावसाळ्यात आणि गणपतीत ऐकायच्या चाळीसेक तबकड्या निवडून रबरी कडेच्या, घट्ट झाकणाच्या डब्यात वेगळ्या काढतो. मोठे कपाट त्यानंतर दसऱ्यापर्यंत उघडत नाही. हा नियम पाळणे मनाला जड जाते. श्रावणातल्या संध्याकाळी नेमकी आतली एखादी तबकडी आठवते, आणि दार उघडले की दमट हवा आत शिरते. ज्या वर्षी मी तो मोडला, त्या वर्षी दिवाळीत दोन खण धुवावे लागले.

पाणी घरात शिरले तर

२२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात वाशिष्ठीचा पूर आला, तेव्हा ओळखीच्या एका घरातील सुमारे तीनशे तबकड्या गाळात गेल्या. आम्ही त्यांतील बहुसंख्य वाचवल्या, म्हणून ती रीत नोंदवतो. गाळ वाळू देऊ नये. वाळलेल्या गाळातील वाळूचे कण पुसताना खाचा कापतात. तबकड्या ओल्या असतानाच कव्हरांतून काढाव्यात, न घासता वाहत्या स्वच्छ पाण्याखाली धराव्यात आणि मग वर सांगितल्याप्रमाणे धुवाव्यात. लाखेच्या तबकड्या आधी घ्याव्यात, कारण पाणी त्यांना अधिक बाधते. कव्हरे दोन दिवसांत बुरशी धरतात. सगळी एकदम वाळवणे शक्य नसेल, तर महत्त्वाची कव्हरे प्लास्टिकमध्ये सुटी सुटी गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवावीत आणि सवडीने एकेक काढून कोऱ्या, शाई नसलेल्या कागदांत दाबून वाळवावीत.

वाजवताना

लाखेच्या आणि व्हिनाइलच्या तबकड्यांना वेगवेगळी सुई लागते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खाच रुंद असते आणि तिला साधारण तीन सहस्रांश इंच त्रिज्येची सुई हवी. लाँग प्लेला एक सहस्रांश किंवा त्याहून बारीक. बारीक सुईने लाखेची तबकडी वाजवली की सुई खाचेच्या तळाशी साचलेल्या कचऱ्यात घासत जाते. चावीच्या ग्रामोफोनवर व्हिनाइल कधीही लावू नये, आणि त्यावर लाखेची तबकडी लावताना पोलादी पिन प्रत्येक बाजूला नवीन घ्यावी. हिऱ्याची सुई साधारण ५०० ते १,००० तासांनी बदलावी. घरी ऐकताना बहुतेक कार्ट्रिजना (सुई बसवलेल्या डबीला) दीड ते दोन ग्रॅम भार पुरतो. डीजेच्या कार्ट्रिजला तबकडी मागेपुढे फिरवताना सुई उडू नये म्हणून तीन ते चार ग्रॅम द्यावे लागतात, आणि म्हणूनच दुर्मीळ तबकडी डीजेच्या यंत्रावर लावणे हे तिचे आयुष्य खर्चणे आहे.

टर्नटेबल, म्हणजे तबकडी फिरवणारे यंत्र, डायरेक्ट ड्राइव्हचे (पट्ट्याविना मोटरने सरळ फिरणारे) घ्यावे. टेक्निक्सचे एसएल-१२०० हे १९७२ साली आलेले यंत्र, आणि विशेषतः १९७९ सालची त्याची एमके-२ आवृत्ती, जगभरच्या डीजेंनी उगाच उचलून धरलेली नाही. तिचा वेग क्वार्ट्झच्या स्पंदनावर बांधलेला असतो, त्यामुळे मांडवातील जनरेटर कमीजास्त झाला तरी गाणे रडत नाही. तिच्यावर ७८ चा वेग मात्र नाही. तो हवा असेल तर २०१९ साली आलेली एमके-७ पाहावी. बोटीवरून किंवा परदेशातून आलेले जुने यंत्र कोकणात पुष्कळ घरांत सापडते. ते लावण्यापूर्वी त्याच्या मागची पट्टी वाचावी. ११० व्होल्टचे यंत्र आपल्या विजेवर सरळ जोडले तर जळते, आणि ट्रान्सफॉर्मर लावला तरी ६० हर्ट्झसाठी बनवलेली जुनी सिंक्रोनस मोटर (विजेच्या हर्ट्झवर जिचा वेग ठरतो ती) आपल्या ५० हर्ट्झवर हळू फिरते, इतकी की ३३ फेऱ्यांऐवजी जेमतेम २८ भरतात. वेग तपासण्यासाठी ५० हर्ट्झची स्ट्रोब चकती मिळते. तिच्यावरच्या १८० रेषा चोकवाल्या ट्यूबलाइटखाली स्थिर दिसल्या तर ३३ चा वेग बरोबर आहे. अनेक एलईडी दिव्यांखाली ही तपासणी होत नाही.

खाऱ्या वाऱ्याचा त्रास सुईपेक्षा जोडण्यांना अधिक होतो. हेडशेलच्या (आर्मच्या टोकाला कार्ट्रिज धरणाऱ्या भागाच्या) पिना आणि मिक्सरच्या तारांची टोके दर दोन महिन्यांनी अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसावीत. एका बाजूचा आवाज अधूनमधून जातो तेव्हा दहापैकी आठ वेळा दोष तेथेच सापडतो. घुमणारा आवाज येत असेल तर टर्नटेबलची अर्थिंगची बारीक तार मिक्सरला घट्ट बसली आहे का ते पाहावे. मांडवात सबवूफरचा हादरा फळ्यांच्या रंगमंचावरून सुईपर्यंत पोहोचतो आणि हुंकार सुरू होतो. त्यावर कडप्प्याची जाड फरशी अर्ध्या कापलेल्या चार टेनिस चेंडूंवर ठेवून तिच्यावर टर्नटेबल मांडणे हा काकांचा उपाय मी आजही वापरतो.

जुनी हिंदी आणि मराठी गाणी एकातून दुसऱ्यात मिसळायची असतील, तर एक गोष्ट तरुण डीजेंनी आधीच स्वीकारावी: ती गाणी वादकांनी एकत्र बसून वाजवलेली आहेत, यंत्राच्या ठोक्यावर नव्हे. अंतऱ्यात तबला किंचित पुढे सरकतो आणि मुखड्याला परत येताना सैलावतो. म्हणून एकदा वेग जुळवून हात काढून घेता येत नाही. पिच फेडरवर (वेग कमीजास्त करण्याच्या सरकपट्टीवर) बोट ठेवून ते ऐकत राहावे लागते. आठ टक्के वेग वाढवला की स्वर सव्वा अर्धस्वराहून अधिक चढतो, आणि ओळखीचा गळा परका वाटू लागतो. गायनाच्या तबकडीवर मी तीन टक्क्यांपलीकडे जात नाही. सर्वांत चांगला जोड बहुधा गाण्याच्या सुरुवातीच्या वाद्यमेळात बसतो, म्हणून ज्या तबकड्या वाजवायच्या आहेत त्यांच्या पहिल्या पंधरा सेकंदांचा अभ्यास घरी करावा. तोच भाग मागेपुढे फिरवल्याने तबकडी तेथेच आधी झिजते, त्यामुळे वाजवायची प्रत आणि राखायची प्रत वेगळी असणे इष्ट. दुसरी प्रत नसेल तर ती तबकडी घराबाहेर नेऊ नये.

वही आणि दुसरी प्रत

प्रत्येक तबकडीची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी: लेबल, क्रमांक, लेबलजवळच्या गुळगुळीत भागावर कोरलेला क्रमांक, स्थिती, धुतल्याची तारीख, डीजेच्या कामासाठी मिनिटाचे ठोके, आणि ती कोणत्या गावातून आली हेही. शेवटची नोंद मी पहिली दहा वर्षे केली नाही, याची मला खंत आहे. तबकड्यांच्या कडेवरचे आद्याक्षर आणि आतल्या कागदावरची लग्नाची तारीख यांचा अर्थ लावू शकणारी माणसे आता उरलेली नाहीत.

दुर्मीळ तबकडीची संगणकावर प्रत करताना २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ अशी वेव्ह फाइल करावी आणि खरखर काढण्यापूर्वीची मूळ फाइल जपून ठेवावी, कारण खरखर काढण्याची साधने सुधारत जातात पण काढून टाकलेला आवाज परत मिळत नाही. भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे असतो, आणि शब्द व चाल यांचे हक्क त्याहून वेगळे मोजले जातात. म्हणून अशी प्रत सर्वांसाठी खुली करण्यापूर्वी तबकडीचे साल निश्चित करावे.

वेंगुर्ल्याच्या त्या आजींकडे मी पुढच्या मे महिन्यात पुन्हा गेलो, त्यांची ती एक तबकडी आठ दिवसांच्या बोलीवर मागून आणली, धुतली, तिची प्रत करून त्यांच्या नातीच्या फोनवर घातली आणि तबकडी नव्या पिशवीत घालून परत केली. ती आजही त्यांच्याच लाकडी फडताळात, साड्यांच्या शेजारी उभी आहे. दसऱ्यानंतर माझे कपाट उघडले की दुसऱ्या दिवशी मी तिकडे जातो, तिच्या शेजारचे सिलिका जेल बदलतो आणि आजींनी सांगितले तर ती एकदा लावतो.